ठोकामावशीच्या उश्या

माझ्या मावशीला काही विचारायचं असलं तर आधी तिच्या तोंडातले खिळे संपायची वाट बघावी लागायची. घाई करून विचारलंत तर ‘हं’ किंवा ‘अंहं’ यापलीकडे उत्तर मिळायचं नाही. सोफे दुरुस्त करणारी बाई ती. डाव्या हाताने कापड ताणून धरायचं, उजव्या हातात चुंबकी हातोडी आणि चिमूट-दोन चिमूट बारीक खिळे गालात. जिभेने एकेक खिळा फिरवून डोक्याच्या बाजूने ओठांत आणायचा, हातोडी ओठांशी न्यायची, खिळा तिला चिकटला की लाकडावर ठक. पहिल्या ठोक्याला खिळा रुतायचा, दुसऱ्याला बसायचा. नवीन गिऱ्हाईक हे बघताना स्वतःचाच गळा धरायचं, आणि मावशीला त्याची फार मजा वाटायची. इतक्या वर्षांत एकही गिळला नाही असं ती अभिमानाने सांगायची, आणि ते सांगतानाही दोन-तीन गालात असायचेच.

गल्लीत तिला सगळे ठोकामावशी म्हणतात. नाव पोरांनी ठेवलं, मोठ्यांनी उचललं, आणि शेवटी तिनेच ते दुकानाच्या पाटीवर रंगवून घेतलं. दुकान म्हणजे तळमजल्यावरच्या तिच्या घराची पुढची खोली. रस्त्याकडे उघडणारं दार, मधोमध दोन लाकडी घोड्या आणि त्यांवर कुणाचा तरी हाडं दिसेपर्यंत सोललेला सोफा. अर्ध्या भिंतीपलीकडे स्वयंपाकाचा ओटा, त्याच्या मागे झोपायची खोली. मध्ये दार नावाची गोष्टच नाही. चहात फोमचा कण तरंगताना दिसला की समजायचं, चहा मावशीकडचा आहे. मी शेजारच्या इमारतीत राहते, चष्म्याच्या दुकानात काम करते आणि धुळीचा मला मनापासून तिटकारा आहे. हे मी तिला दर भेटीत सांगायची, आणि ती दर भेटीत मला तोच चहा पाजायची.

काम मुळात काकांचं, म्हणजे मावशीच्या नवऱ्याचं. ते गेले तेव्हा दादा, म्हणजे माझा मावसभाऊ, शाळेत होता आणि दोन सोफे घोड्यांवर अर्धवट पडले होते. गिऱ्हाईक आपले सांगाडे परत न्यायला आलं, तर मावशी म्हणाली, परवा या. काकांच्या हाताखाली तिने फक्त कापड कापलं होतं, बाकी सगळं बघून बघून. पहिला सोफा एका अंगाला कलला. गिऱ्हाइकाने तो तसाच नेला आणि पुढे कितीतरी वर्षं त्यावर तिरकं बसून तिचं कौतुक केलं. हे अर्थात मावशीचं म्हणणं. मी दुसरीकडून वेगळं ऐकलंय, पण ते राहू द्या.

तिची एक खोड होती, काही म्हणजे काही टाकायचं नाही. जुन्या सोफ्यांतून, खुर्च्यांतून, बसच्या आसनांतून जो पिवळा पडलेला फोम निघायचा तो कोपऱ्यातल्या पत्र्याच्या टबात जायचा. रिकाम्या वेळी ती तो हातांनी कुस्करायची, उरल्यासुरल्या मखमलीची खोळ शिवायची आणि त्याची लहानशी उशी करायची. गल्लीत मूल जन्मलं की उशी हजर. आमच्याकडची निम्मी पोरं कुणा ना कुणाच्या दिवाणखान्याच्या मखमलीवर झोपून मोठी झाली आहेत. माणसाला द्यावी अशी गोष्ट तिच्या मते एकच, डोकं टेकायला जागा. उशी देताना ती बाळाकडे बघायची नाही, उशी नीट बसली का तेच बघायची.

मग काही वर्षांपूर्वी तिचा हात मंदावला. आधी कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण माणूस मंदावतं तेव्हा ते वयाच्या खाती टाकायची सोय असते. चेहरा सुजल्यासारखा दिसू लागला, आवाज घोगरा झाला, भर उन्हाळ्यात तिला शाल लागू लागली. दोन ठोक्यांच्या मध्ये इतका वेळ जायचा की समोरचा न्हावी डोकावून बघायचा, आहे ना बाई. कात्री शोधत घरभर फिरायची आणि कात्री हातातच. मी म्हटलं डॉक्टरकडे चल, तर म्हणाली, म्हातारपणाला कसलं औषध. आजार अंगावर काढण्यात आमच्या घराण्याचा हात कुणी धरू शकत नाही. शेवटी मी तिला, तुझ्या चष्म्याचा नंबर बदलायचाय, असं खोटं सांगून बाहेर काढलं आणि सरळ दवाखान्यात नेऊन बसवलं. रक्त तपासलं. थायरॉइड मंद. रोज सकाळी उपाशीपोटी एक गोळी.

गोळीने ती हळूहळू पूर्ववत झाली. मला मात्र तिने त्या चष्म्याबद्दल आजवर माफ केलेलं नाही. दादा दुसऱ्या शहरात नोकरी करतो. त्याने फोनवर एकच धोशा लावला, आई, आता पुरे, दुकान बंद कर. तो तिथून उंटावरून शेळ्या हाकायचा आणि मावशी इथून हं, अंहं करायची. फोन ठेवला की पुन्हा ठक ठक सुरू.

आता मुकादम. मुकादम म्हणजे मावशीची मांजर. काळी-पांढरी, मिशा ताठ, आणि काम चालू असलं की टबातल्या भुग्यावर बैठक मारून देखरेख करणारी, म्हणून मुकादम. मावशीची गाडी रुळावर आली आणि हिची घसरली. वाट्टेल तेवढं खायची. दूध झालं, मासा झाला, माझ्या डब्यातलं झालं, तरी ओरडतच. आणि इतकं खाऊन दिवसेंदिवस वाळत चाललेली. म्हाताऱ्या वयात पडद्यावर चढायची, घरभर उधळायची, मधेच उभी राहून विचित्र आवाज काढायची. मावशी कौतुकाने म्हणायची, बघ, हिला कशी तरुणपणाची हुक्की आलीय. मी पाठीवरून हात फिरवला तर मणके मोजता येत होते.

जनावरांच्या डॉक्टर म्हणजे एक तरुण बाई. बोलायला मऊ, पण मांजर धरताना हात पक्का. मुकादमीच्या गळ्यावर त्यांनी दोन बोटं फिरवली, मग छातीला नळी लावली. काळीज नुसतं धावत होतं. रक्ताचा निकाल आला, हिचाही थायरॉइडच. फक्त उलटा. मावशीचा बसलेला, हिचा उधळलेला. मावशी ऐकून हसायला लागली. "माझ्या वाट्याचंही हिनेच ओढून घेतलं म्हणायचं," ती म्हणाली. पण घरी येताना टोपलीवर तिने हात घट्ट धरून ठेवला होता, आणि ती एकदाही हसली नाही. काका गेले, दादा दुसऱ्या शहरात गेला, त्यानंतर त्या घरात जिवंत माणसासारखं वावरणारं हेच एक जनावर होतं.

मांजरीसाठीही गोळ्या सुरू झाल्या. आता घरात दोन डब्या, एक वाढवायची, एक कमी करायची. अदलाबदल नको म्हणून मावशीची डबी देवळीत आणि मुकादमीची तांदळाच्या डब्यावर. मावशी स्वतःची गोळी विसरेल, पण मांजरीची नाही.

मुकादमीला दवाखान्यात नेलं की ती आकांत करायची, म्हणून पुढच्या तपासणीला डॉक्टरीणबाई स्वतःच घरी आल्या. पुढच्या खोलीत पाऊल टाकलं आणि त्या उंबऱ्यातच थबकल्या. कवाडातून ऊन आत पडलं होतं आणि त्यात पिवळी धूळ तरंगत होती. टबात भुग्यावर मुकादम पसरलेली, पंजा चाटत. त्यांनी विचारलं, ही रोज इथेच झोपते का. मावशीने खिळे गालात सारून सांगितलं की तिची हक्काची गादी आहे ती, आम्ही कुणी बसत नाही.

मग बाईंनी, वादात पडायचं नाही अशा बेताने, सांगायला सुरुवात केली. म्हाताऱ्या मांजरांमध्ये हा आजार पूर्वीपेक्षा पुष्कळ दिसतो. का, ते छातीठोकपणे कुणालाच सांगता येत नाही. संशयित बरेच आहेत. कुणी डब्यातल्या तयार खाण्यावर बोट ठेवतं, पण मुकादमीने तो डबा बघितलेलाही नाही. दुसरा संशय घरातल्या धुळीवर. जुन्या फोमने चटकन पेट घेऊ नये म्हणून त्यात काही रसायनं घालत. फोम जुना होऊन झडायला लागला की ती धुळीत उतरतात, आणि ती ग्रंथीच्या कामात ढवळाढवळ करत असावीत असं काही अभ्यास सांगतात. काही अभ्यासांत तसं आढळलेलं नाही. तरी तिचा बिछाना तेवढा बदला, त्या म्हणाल्या. मावशीला हे पटेना. धूळ तर सगळ्यांच्याच नाकात जाते, मग मांजरालाच का?

"मांजर दिवसभर अंग चाटतं," बाई म्हणाल्या. "केसांवर बसलेलं सगळं थेट पोटात जातं. नाकापेक्षा तो रस्ता मोठा."

"तेच म्हणते मी," मावशी गालातल्या गालात म्हणाली. "माणूस काय अंग चाटत बसतो का?"

आणि तिने हातोडी ओठांशी नेली.

हातोडी तिथेच थांबली. बाई तिच्या तोंडाकडे बघत होत्या, मी बघत होते, आणि मावशी आमच्या दोघींच्या चेहऱ्यांकडे. टबाला लागून खिळ्यांची उघडी थाळी पडली होती, वर्षानुवर्षं तिथेच पडायची. तिने थाळीकडे बघितलं, मग तळहात तोंडाखाली धरला आणि गालातले सगळे खिळे त्यात ओतले. ओल्या खिळ्यांना पिवळी पूड चिकटली होती.

"म्हणजे आम्ही दोघी एकाच ताटात जेवत होतो," मावशी म्हणाली.

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच. मी, धुळीवरून तिचं डोकं खाणारी, इतकी वर्षं तिच्या तोंडात ते खिळे बघत होते आणि माझं लक्ष चहाच्या कपात. बाईंनी लगेच सावरून घेतलं, म्हणाल्या, माणसांचं मला विचारू नका, तुमच्या डॉक्टरांना विचारा. दुसऱ्या दिवशी मावशी आपल्या पायांनी दवाखान्यात गेली, चष्म्याची थाप न मारता. तिच्या डॉक्टरांनी सगळं ऐकलं आणि म्हणाले की फोमला बोटही न लावणाऱ्या कितीतरी बायकांना हा आजार होतो, बहुतेकदा शरीरच आपल्या ग्रंथीवर उलटतं. धुळीचा त्यात हात आहे की नाही, असला तर किती, हे मी सांगू शकत नाही, आणि कुणी ठामपणे सांगितलं तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका. मात्र खिळे तोंडात घालणं आजपासून बंद.

मावशीने खिळेच काय, दुकानच बंद केलं. टबाला झाकण घातलं, हातोडी टांगून ठेवली, अर्धा सोललेला सोफा शेजारच्या गल्लीतल्या कारागिराकडे पाठवून दिला. दादा फोनवर खूश. सुंठीवाचून खोकला गेला म्हणाला. मी त्या दिवशी त्याच्यावर इतकी चिडले की फोन ठेवूनच दिला. मावशी दिवसभर खाटेवर बसायची, मांजरीला मांडीवर घेऊन. गल्ली शांत झाली होती आणि मला ती शांतता सहन होत नव्हती. हातोडी सुटली तर ही बाई हातची जाईल, याची मला मनोमन भीती वाटत होती.

शेवटी मीच तिला म्हटलं की अगं, हातोडी खिळा थाळीतूनही उचलते, मुखपट्टी बांध, जुना फोम बाहेर अंगणात उसव, इतकं काय त्यात. ती मांजरीच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. मी वैतागून उठणार तेवढ्यात ती बोलली.

"मी माझ्या तोंडात घातलं, ते माझं मी बघेन. पण त्याच भुग्याच्या उश्या मी लेकरांच्या डोक्याखाली ठेवल्या."

हे तिच्या मनात चाललंय याची मला कल्पनाच नव्हती. ती म्हणाली, सगळ्या उश्या परत आणायच्या. त्या आल्याशिवाय हातोडीला हात लावायचा नाही. मी कपाळावर हात मारला. अगं, काही सिद्ध झालेलं नाही, डॉक्टर नाही म्हणत नाहीत तसे हो पण म्हणत नाहीत, तू दारोदार जाऊन हे सांगणार, लोक हसतील, नाहीतर आपापल्या पोरांची सर्दीसुद्धा तुझ्या नावावर लावतील. हात दाखवून अवलक्षण कशाला. मावशीने माझं सगळं ऐकून घेतलं.

"सोफ्याचा पाय हलतोय असं वाटलं तर मी गिऱ्हाइकाला सांगते, आधी बघू द्या, मग बसा," ती म्हणाली. "पडल्यावर सिद्ध होईल, असं म्हणून बसवत नाही कुणाला."

मी पिशव्या घेतल्या आणि तिच्याबरोबर निघाले.

न्हाव्याच्या बायकोने उशी लगेच काढून दिली, वर नवीन थोडी मोठी मिळेल का म्हणून विचारलं. निवृत्त मास्तरांनी आम्हाला उभं ठेवून व्याख्यान दिलं की हल्ली लोकांना प्रत्येक गोष्टीचं भय वाटतं, त्यांच्या लहानपणी पोरं दगडावर झोपायची. उशी मात्र त्यांनी दिली, आणि दिल्यावर हात धुतले. एका छोट्या मुलीने उशी पोटाशी धरली आणि मावशीला पाठ दाखवली. तिच्याशी मावशीने तडजोड केली की खोळ हीच राहील, आतलं तेवढं बदलेल. तिथूनच तिला पुढचा मार्ग सुचला. प्रत्येक उशी उसवायची, खोळ धुवायची, आत स्वच्छ कापूस भरायचा आणि त्याच पोराला परत द्यायची. सुई-दोऱ्याचं काम म्हणजे हातोडी नव्हे, हा तिचा कायदा.

इस्त्रीवालीच्या दारात मात्र मी मावशीच्या मागेच उभी राहिले. तिची मुलगी ऐन विशीत, आणि तिला थायरॉइडची गोळी चालू आहे हे आम्हा दोघींना माहीत होतं. मावशीने काही झाकलं नाही, जे जसं कळलं होतं तसं सांगितलं. इस्त्रीवाली हातातली इस्त्री उभी करून ऐकत राहिली.

"म्हणजे माझ्या पोरीचं हे तुमच्यामुळे?"

"माहीत नाही," मावशी म्हणाली. "नसेल. असेलही. माहीत नाही म्हणूनच आले."

इस्त्रीवालीने दार लावून घेतलं. परत येताना मावशी माझा हात धरून चालत होती, आणि ती कधी कुणाचा हात धरून चालत नाही. मला रडू येत होतं आणि रागही येत होता. कुणावर, ते ठरवता येत नव्हतं. मी घरी आल्यावर सगळं गरम पाण्याने पुसून काढलं, ओटा, खाट, कपाटाच्या फळ्या, जे दिसेल ते. मावशी माझ्यामागून कोरडं फडकं फिरवत होती.

नंतरचे दिवस ती पायरीवर बसायची, नाकातोंडाला फडकं बांधून, हातमोजे घालून. ओल्या कापडावर उश्या उसवायची, भुगा जाड पिशवीत भरून तोंड घट्ट बांधायची आणि कचऱ्याच्या गाडीवाल्याला पिशवी कुठेही फोडायची नाही म्हणून बजावायची. टबही तिने भंगारात दिला. मुकादम नवीन कापसाच्या गादीवर नाइलाजाने झोपू लागली. आधी दोन दिवस तिने त्या गादीकडे पाठ फिरवून उपोषण केलं, पण उपोषण फक्त झोपेचं, खाण्याचं नाही. गोळ्यांनी तिचं काळीज शांत झालं, हाडांवर थोडं मांस चढलं, आणि पडद्यांना जरा उसंत मिळाली. बाईंनी तपासून सांगितलं की म्हातारी आहे, पण आता म्हातारीसारखी वागतेय, हे चांगलं लक्षण.

एके सकाळी पायरीसमोर इस्त्रीवाली उभी राहिली. हातात उशी, खोळीला कडक इस्त्री केलेली. ती मुलीला घेऊन डॉक्टरकडे जाऊन आली होती. त्यांनीही तेच सांगितलं, कशामुळे झालं ते कळायला मार्ग नाही, मुलगी औषधावर ठीक आहे, आणि ठीकच राहील. इस्त्रीवालीने उशी मावशीच्या मांडीवर ठेवली.

"तुम्ही गप्प बसला असतात तर मला कधी कळलंसुद्धा नसतं," ती म्हणाली. "कापूस जरा भरपूर भरा. तिला उंच उशी लागते."

मावशीने मान हलवली. तिला बोलता येत नव्हतं, आणि या वेळी तोंडात एकही खिळा नव्हता. त्यानंतर मास्तरांनी स्वतःहून त्यांच्या नातवाची दुसरी उशी आणून दिली, जी त्यांनी आधी आमच्यापासून लपवली होती. दगडावर झोपणाऱ्यांच्या घरातही दोन-दोन उश्या निघतात.

गल्लीतल्या सगळ्या आल्या. राहिली फक्त दादाची. ती पहिली उशी, काकांच्या हयातीत भरलेली, आणि तीही त्याच भुग्याची. मावशीने फोनवर विचारलं तर तो म्हणाला, ती केव्हाच टाकून दिली, आता कुठली. मावशी म्हणाली, मग ठीक. पण हातोडी काही खाली उतरली नाही. मी म्हटलं, आता तर सगळ्या झाल्या. ती म्हणाली, डोळ्यांनी बघितलेली नाही ती झाली असं कसं धरू. मला वाटलं, झालं, आता एका नसलेल्या उशीपायी हे दुकान जन्मभर बंद राहणार.

आणि एका सुट्टीच्या दिवशी दादा न कळवता आला. खांद्याला पिशवी, डोक्यावरचे केस पुढून बरेच गेलेले, ऑफिसात ज्याला दहा माणसं साहेब म्हणतात तो माझा दादा पायरीवर मावशीशेजारी बसला आणि पिशवीतून एक निळी, चपटी, कोपरे झिजलेली गोष्ट काढली. तिला उशी म्हणायला धाडस लागत होतं. मावशीने ती उलटीसुलटी करून बघितली. टाकली म्हणाला होतास ना, असं तिने विचारलं. तो माझ्याकडे बघायचं टाळून म्हणाला की डोक्याखाली घेतल्याशिवाय त्याला अजून झोप लागत नाही, बायको चेष्टा करते, म्हणून कुणाला सांगत नाही. मी तोंडावर हात ठेवला, पण माझं हसू त्याला दिसलंच.

"भरून दे," तो म्हणाला.

"मी दुकान बंद केलंय," मावशी म्हणाली. "तूच सांगत होतास ना?"

दादा थोडा वेळ मांजरीच्या कानामागे खाजवत बसला.

"माझं ऐकू नकोस," तो म्हणाला. "तू फोनवर नुसती हं, अंहं करायचीस तेव्हा मला तुझा राग यायचा. आता तू नीट बोलतेस आणि मला तुझी काळजी वाटते."

मावशीने त्याच्या टकलावर एक टपली मारली, आणि मग तोच हात तिथे ठेवून दिला.

तो चार दिवसांची रजा टाकूनच आला होता. ओळखीच्या सुताराला बोलावून त्याने पुढची खोली आणि घर यांच्यामध्ये छतापर्यंत भिंत उभी केली आणि तिला दार लावून घेतलं. मागच्या अंगणात जुना फोम उसवायला पत्र्याचं छप्पर घातलं. खिळ्यांना झाकणाचा डबा आला. कामाचे कपडे दाराअलीकडेच बदलायचे, फरशी झाडायची नाही, ओल्या फडक्याने पुसायची, असे नियम त्याने घातले. मावशीने ते सगळे मान्य केले, आणि मी ज्यासाठी वर्षानुवर्षं घसा कोरडा केला ते लेकाने एका दमात करून घेतलं, याची मी इथे नोंद करून ठेवते.

चौथ्या दिवशी जेवणं झाल्यावर मावशीने निळी खोळ वाळत घातलेली काढली, कापूस भरला, चौथी बाजू शिवली आणि उशी दादाच्या हातात दिली. तो आतल्या खोलीत जाऊन खाटेवर आडवा झाला. मावशी कामाचे कपडे चढवून पुढच्या खोलीत गेली. इस्त्रीवालीने पाठवलेली एक मोडकी खुर्ची तिने घोड्यांवर चढवली आणि हातोडी खाली उतरवली. डब्यातून खिळा उचलताना तो आडवाच चिकटायचा. जिभेने वळायचा तसा तो बोटांनी वळेना, दोन-तीन वाकडे गेले. तिने ही हातोडी मागे ठेवून गेलेल्या काकांना आणि ती घडवणाऱ्या लोहाराला, दोघांनाही शिव्या घातल्या. मग एक सरळ बसला. मग दुसरा. समोर न्हाव्याने वस्तरा हातात धरूनच बाहेर डोकावून बघितलं.

ठक ठक जरा लयीत यायला लागली, आणि मावशी एकदम थांबली. नवं दार उघडंच राहिलं होतं. आत दादा निळ्या उशीत डोकं खुपसून झोपला होता, तोंड किंचित उघडं. इतक्या दिवसांनी आलाय, झोपू दे त्याला, असं ती मला खुणेने म्हणाली आणि हातोडी हळूच गुडघ्यावर ठेवली. मी दार लावायला गेले.

तेवढ्यात दादाने डोळे न उघडताच कूस बदलली.

"थांबलीस का गं?" तो झोपेतच म्हणाला.

मावशी माझ्याकडे बघून हसली. दार ओढून घे म्हणाली, आणि तिने पुढचा खिळा उचलला.